रामनाथच्या उन्हाळ्यासाठी पुस्तकं

बोईसर,
मे १९८७

प्रिय रामनाथ,

अनेक आशीर्वाद. आधी आईची कंबर कशी आहे ते कळव. तुझ्या खाटेखाली चटई टाकून झोपते म्हणे. तिला म्हणावं, गोधडी दुमडून पाठीखाली घे, इस्पितळाच्या फरशीला माया नसते. शेजारच्या खाटेवरच्या वसईच्या आजोबांचं प्लॅस्टर निघालं का? मागल्या पत्रात ते नर्सबाईंशी केळ्यावरून भांडत होते, म्हणजे सुधारत असणार. भांडायलाही अंगात रग लागते. त्या नर्सबाईंचा खोकला गेला का? नसेल तर ज्येष्ठमध तोंडात धरायला सांग. आणि डबा आणणाऱ्या तुझ्या दादरच्या मामांचा दमा? चार जिने चढून येतात बिचारे, वर आले की आधी बसू देत जा त्यांना, मग बोलायला लाव. इकडे तुझी बहीण पुष्पलता ठीक आहे. दहावीचा निकाल लागायचाय, तोवर घर तिच्या हातात. तिची भाकरी आधी नकाशासारखी व्हायची, आता गोल होते. माझे गुडघे आणि माझी सायकल, दोघंही कुरकुरतात आणि दोघंही चालतात. तुझ्या बापाचं, बन्सीचं, पुढे लिहितो.

तुझं पत्र पोचलं. ‘काका, सप्टेंबरच्या गिर्यारोहण शिबिराआधी डोकं तयार करायचंय. बर्फावरची, दोरावरची, कड्यांवरची, उन्हाळ्यात वाचण्याजोगी जी असतील ती सगळी पाठवा,’ असं लिहिलंस. सगळी कशी पाठवू बाबा? माझं वाचनालय म्हणजे सायकलच्या दोन बाजूंच्या दोन पिशव्या. कॉलनीतल्या पोरांना सुट्टी लागलीय, एका एका पुस्तकामागे माश्यांसारखी घोंघावतात. तरी तुझ्यासाठी चार बाजूला काढलीत, बन्सी रविवारी घेऊन येईल. माझी रीत तुला ठाऊक आहे. आधी स्वतः वाचल्याशिवाय मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. मीठ न चाखता भाजी वाढायची नसते. मी काही शाळा शिकलेला नाही. तारापूरच्या बांधकामावर सिमेंटच्या गोण्या उचलताना गोणीवरची अक्षरं एकमेकांना जोडून वाचायला शिकलो, त्यामुळे माझं वाचणं हळू. पण हळू जेवणाऱ्यालाच चव जास्त कळते.

पहिलं पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं, हिमशिखराचं. दोन मित्र चढतात. शिखर अगदी समोर दिसतं, हात लांब केला तर लागेल असं, आणि हवा फिरते म्हणून दोघं मागे वळतात. पुढं पुन्हा कधी त्यांना जायला मिळत नाही. पोरं हे पुस्तक परत देताना तोंड वाकडं करतात. ‘काका, हे काय, पोचलेच नाहीत!’ मला मात्र मागे वळतानाचं ते पान फार आवडतं. त्यातला एक जण दुसऱ्याच्या बुटाची नाडी बांधून देतो, कारण त्याची बोटं गारठलेली असतात. एवढंच. सावकाश वाच ते.

दुसरं समुद्राचं. एकटा माणूस छोट्या होडीतून महिनोन्महिने जातो. शीड फाटतं, तो शिवतो, परत फाटतं. हे तू वाचलंयस, पण परत वाच, कारण आता मामांनी दिलेल्या नकाशावर बोट ठेवून वाचता येईल. ते वाचूनच तर तुम्ही पोरं एडवणच्या किनाऱ्यावरून केळव्याला वाळूवाळूनं चालत निघाला होतात! होकायंत्र घेतलंत, शहाळी कशी फोडायची ते पाठ केलंत, सापाच्या दंशावरचं औषधही. भरती कधी आहे हे मात्र एकानंही कुणाला विचारलं नाही, कारण पुस्तकात समुद्र कुणाला विचारून पार करत नाहीत. दांड्याच्या खाडीपाशी पाणी मांड्यांना लागलं तेव्हा ती कोळीण होडीतून ओरडली, ‘ओ रं, कुठं चाललाव? खाडी भरली हाय! पुस्तकात लिवलं म्हणून पानी थांबतं काय?’ तिनं तुम्हाला होडीत घेतलं आणि पलीकडे उतरवल्यावर भाड्याऐवजी मासळीच्या पाट्या डोक्यावर दिल्या. बाजारापर्यंत वाहिल्यात. घरी आलात तेव्हा सगळ्या चाळीतली मांजरं तुमच्या मागे होती. तुझी आई आठवडाभर कपडे धूत होती आणि मला शिव्या देत होती. तिला हे वाचून दाखव, हसेल.

तिसरं जंगलाचं. एका म्हाताऱ्या वनरक्षकानं लिहिलेलं. त्यात बंदूक एकदाही उडत नाही, म्हणून मला ते खरं वाटतं. वाघ दिसतो तोही फक्त पाण्यावर आलेला, आणि हा माणूस झाडावर खोकला दाबून बसलेला. हे वाचताना तुला आपल्या आशेरीगडाचं रान आठवेल. गडाच्या पायथ्याचा तुझा बुधा परवा बाजाराला आला होता. खांद्यावर करवंदांची टोपली, तुझ्यासाठी द्रोण वेगळा काढलेला. मुंबईला कशी पाठवू? पुष्पलतेनं खाल्ली. म्हणाला, ‘काका, रामनाथ कवा येल? गडाच्या वाटंला पायऱ्या मातीनं बुजल्या होत्या, मी उकरून ठेवल्या हायेत. त्याला सांगा, आता पाय घसरायचा नाय.’ मी म्हटलं, कळवतो. तेवढंच म्हटलं.

पाय घसरायचा नाही! त्या वाटेवर तुझा पाय कधी घसरला होता? तांदुळवाडी झाला, काळदुर्ग झाला, आशेरीला तर तू घरच्यासारखा जायचास. आणि पडलास कुठून, तर चाळीच्या गच्चीवरून, दुसऱ्याच्या टीव्हीचा अँटेना फिरवताना. आपल्याकडे मुंबईचं चित्र धड धरत नाही. रविवारी सकाळी प्रत्येक गच्चीवर एक जण पाइप फिरवत असतो आणि खालून खिडकीखिडकीतून आरोळ्या, ‘आलं! गेलं! आता आलं, धरून ठेव!’ त्या दिवशीही तशाच चालल्या होत्या. तू पडल्यावरही एका खिडकीतून कुणीतरी ‘आलं, आलं’ म्हणत होतं. मी तेव्हा खाली सायकलला हवा भरत होतो. असो. त्यावर लिहायचं नव्हतं, लेखणी गेली तिकडे.

चौथं पुस्तक मी वरच ठेवलंय, तेच सगळ्यांत आधी उघड. बर्फाच्या समुद्रात एक जहाज अडकतं. पुढं जाता येत नाही, मागं येता येत नाही. अख्खा हिवाळा, मग आणखी एक. पूर्वी मी हे कुणाला सुचवत नसे. साहसाचं म्हणावं तर कुणी कुठं जातच नाही, माणसं एका जागी बसलेली. ती माणसं काय करतात? एकमेकांचे केस कापतात, नाटक बसवतात, स्वयंपाकी अडाणी असतो त्याला वाचायला शिकवतात. काही भांडतात, काही वेडे होतात. या उन्हाळ्यात मी ते परत वाचलं. शेवट आधीच सांगतो, म्हणजे फसल्यासारखं वाटणार नाही. जहाज सुटत नाही. माणसं सगळी परतत नाहीत. जी परततात ती पूर्वीसारखी राहत नाहीत. एवढं असूनही मी ते वर ठेवलंय, कारण बाकीची तिन्ही पुस्तकं चालणाऱ्या माणसांची आहेत.

आता पान उलट, रामनाथ, आणि इथून पुढचं मनात वाच. तू पत्रं आईला मोठ्यानं वाचून दाखवतोस, ते मला माहीत आहे. तिनं विचारलंच तर म्हण, काका पुस्तकांचंच दळण दळतोय.

बन्सीचं लिहायचं होतं. शिबिरासाठी घेतलेले नवे बूट तू त्याला घालायला सांगितलेस ना, की कोरं चामडं बर्फात पाय कापतं, मला उठता येत नाही तोवर बाबा तुम्ही घालून मऊ करा? तो घालतो. रोज ड्यूटीला ते घालून जातो, एवढ्या उन्हाळ्यात, खाकी पँटीखाली ते धोंड्यासारखे बूट. कारखान्याच्या फाटकावर सगळे टपलेले असतात. ‘क्या बन्सीभाई, आज सीधा हिमालय से ड्यूटी पे?’ कुणी म्हणतं, ‘इनको सीढ़ी मत दो, ये दीवार से चढ़ेंगे.’ हा हसतो आणि सांगतो, ‘बेटे के हैं. नरम कर रहा हूँ.’ सांगताना छाती अशी पुढं काढतो की जणू बूट नाही, तूच त्याच्यासोबत चालतोयस.

गेल्या गुरुवारी तो माझ्याकडे आला. चहा पुढं ठेवला तर शिवला नाही. म्हणाला, ‘काका, जरा बाहेर चला.’ मी म्हटलं, इथंच बोल की, कोण आहे ऐकायला? त्यानं वर आढ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. तेव्हा कळलं. तुझी आजी सांगायची ना, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. तो मला चाळीबाहेर घेऊन गेला, नाल्याच्या पलीकडे, कारखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत, जिथं कुणाचंच घर नाही. तिथं यंत्रांचा एवढा घरघराट की तो बोलला ते मला ऐकूच आलं नाही. मी कानाला हात लावून ‘काय?’ म्हटलं. ज्या शब्दांना घाबरून तो इतक्या लांब आला होता, ते त्याला ओरडून परत म्हणावे लागले.

मी तुला ते लिहून कळवतोय. बोलत नाही, लिहितोय. आणि घरात बसून नाही, त्याच भिंतीपाशी एका पिंपावर बसून. मोठ्या डॉक्टरांनी त्याला आणि आईला बोलावून सगळं सांगितलंय. तुझ्या मणक्यातली दोरी तुटलीय. कमरेखालचं परत येणार नाही. सप्टेंबरला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्या दिवसापासून दोघंही तुझ्याशी सप्टेंबरचं बोलतात, आणि एकमेकांशीही तेच बोलतात, कारण न बोललेलं अजून झालेलं नसतं असं दोघांना वाटतं. पुस्तकांनी हे भरून निघेल असं मी म्हणणार नाही. निघणार नाही. मी म्हातारा आहे, खोटं बोलायची सवय वेळेवर लागली नाही. तू मला शिव्या दे, चौथं पुस्तक खिडकीबाहेर फेक, चालेल. पण एक काम फक्त तुझ्याच्यानं होईल. काल मोरीवर बन्सीनं मोजे काढले ते मी पाहिलं. त्याचे पाय रुंद आहेत, तुझ्यासारखे नाहीत. दोन्ही टाचा सोलून निघाल्यात, मोजा जखमेला चिकटलेला. मी म्हटलं, बास कर आता. तर म्हणाला, ‘मऊ होत आलेत काका, आता थांबलो तर ते तोंडानं बोलल्यासारखंच होईल.’ माझं तो ऐकत नाही, पुष्पलतेचं ऐकत नाही. रविवारी तुझ्याकडे येईल तोही तेच घालून, लंगडत, आणि तू विचारलंस तर हसेल. म्हणून हे पत्र. त्याला एक कार्ड टाक. बाकी काही लिहू नकोस, कारणही नको. एवढंच लिही, ‘बाबा, बूट काढा.’ तो समजेल, आणि तू समजलास हेही त्याला समजेल. लेखणी उचलवत नसेल तर वसईच्या आजोबांकडून लिहून घे. पण रामनाथ, हे हातात पडेल त्याच दिवशी लिही. रविवारच्या आधी ते कार्ड त्याच्या हातात पडायला हवं. आणि मलाही लिही, काहीही लिही, पण लवकर.

तुझाच,
पंढरीकाका