बोर्डावरच्या चेहऱ्याची वाटणी

मी, देवश्री प्रल्हाद चिंचोळकर, वय वर्षे सव्वीस, धंदा नोकरी, राहणार ब्राह्मणपारा, रायपूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि हे लिहायला मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. आई दारातून दोनदा विचारून गेली, "काहून वं, इतक्यात मरून राहिली का तू?" नाही. पण मृत्युपत्रात माणसाला फक्त स्वतःचं असेल तेच देता येतं, असं आमचे वकील चारुदत्तकाका सांगतात. म्हणून बसले. माझं काय काय आहे ते एकदा कागदावर दिसू दे.

घाई एवढ्यासाठी की माझी चुलत बहीण ओवी हिचं नाव उद्या सोमवारी शंकर नगरातल्या एका कोचिंग क्लासात घालायचं ठरलं आहे, आणि ते माझ्या चेहऱ्याकडे बघून. (क्लासाचं नाव लिहीत नाही. तेवढीच फुकट जाहिरात.) सबब हे मृत्युपत्र मी मेल्यावर नाही, आज दुपारी जेवणाआधी सगळ्यांसमोर वाचलं जावं. कायद्याची भाषा सुटेल तिथे घरची येईल, काकांनी सांभाळून घ्यावं.

कलम १. चेहरा.
शंकर नगरच्या चौकात बोर्डावर जी पोट्टी हसून राहिली आहे, ती मी, असं सगळे समजतात. बारावीला मला मार्क चांगले पडले तेव्हा क्लासवाले पेढे आणि स्कूटी घेऊन आमच्या दारात आले. बाबांनी एका कागदावर सही केली. फोटो आमच्या गल्लीतल्या देवीदासभैयांनी त्यांच्या स्टुडिओत काढला, पुढचं सगळं क्लासच्या कॉम्प्युटरवर झालं. चष्मा गेला. रंग उजळला. अंगात पिवळा टी-शर्ट आला, जो मी आजतागायत घातलेला नाही. हनुवटीवरचा व्रणही गेला. तो मी बूढ़ातालाबच्या उतारावर सायकलवरून पडून कमावलेला आहे.

तेव्हापासून दरवर्षी बोर्ड बदलतो, पोट्टी तीच राहते. मागच्या आठवड्यात मी जाऊन म्हटलं, आता फोटो उतरवा. तिथले मॅनेजर हसले. "मॅडम, वो फोटो तो हमारा है. आप थोड़ी ना वैसी दिखती हो!"

राग यायला हवा होता. पण माणूस खरं बोलला. म्हणून जाहीर करते की बोर्डावरचा चेहरा माझ्या मालमत्तेत येत नाही. ज्यांनी बनवला त्यांनी ठेवून घ्यावा. चष्मा, व्रण आणि वरचा एक वाकडा दात माझे आहेत. ते कोणालाही देत नाही, माझ्यासोबत जातील.

कलम २. जुने फ्लेक्स.
उतरवलेले बोर्ड वाया जात नाहीत. भनपुरीत एका ट्रकवर मी ताडपत्री झाले होते, माझ्या कपाळावरून दोर आवळलेला मी स्वतः पाहिला. दुसरा फ्लेक्स आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोदूच्या चहाटपरीवर आहे. गोदूची तक्रार एकच: "दीदी, बाकी सब बढ़िया, पण पाऊस आला का तुमच्या कानापाशी गळते." तो फ्लेक्स कायमचा गोदूचा. कानाला डांबर लावायला माझी हरकत नाही.

कलम ३. स्कूटी.
बाबांना. तशीही ती त्यांचीच आहे. नंतर क्लासच्या समारंभात त्यांच्या हातात दाराएवढी थर्माकोलची किल्ली दिली होती आणि ते ती आडवी धरून स्टेजवरून उतरले होते. बाबा, तुम्ही म्हणता, "आपण फोटो दिला, पोरगी थोडीच दिली." हव बाबा. पण नंतर पाहुण्यांना फोटोतलीच पाहिजे होती. मला बघायला आलेल्या मुलाने दारातच विचारलं, "आप बड़ी बहन हैं क्या?" त्याला चहा मीच दिला. साखर न घालता.

कलम ४. शिक्षण.
याला जरा जागा लागेल. त्या क्लासात मी एक दिवसही शिकायला बसलेली नाही. एका रविवारी त्यांची सराव परीक्षा दिली होती, तेवढ्यात त्यांनी मला घडवलं.

शिकले ते आमच्या स्वयंपाकघरात. आई पोळ्या लाटायची आणि मी ओट्याशेजारी निळ्या स्टुलावर पुस्तक घेऊन. आईची शाळा दहावीला सुटली. ती म्हणायची, "मले समजन असं सांग, मग पोळी." मी सांगायची. "नाई समजलं. चंद्र खाली काहून नाई पडत, ते सांग." मी चिडून पुन्हा सांगायची. तिला समजलं नाही की कळायचं, मलाच समजलेलं नाही. भूक लागलेली असायची, त्यामुळे टाळाटाळ चालायची नाही.

आणि याच आईने बोर्डावरचा फोटो मोठा करून हॉलमध्ये फ्रेम लावली. आल्यागेल्याला सांगते, "क्लासवाल्यांनी घडवलं हो पोरीले." एकदा मी विचारलं, असं काहून सांगते? म्हणाली, "मग काय सांगू? पोळ्या लाटता लाटता शिकवली म्हणू? कोण मानन?"

शहरात आता लोक चौकाचौकात बोर्ड बघत क्लास निवडतात, साडीच्या दुकानात बाहेरचा पुतळा बघून आत शिरावं तसे. घरी जे झालं त्याचा बोर्ड लागत नाही, म्हणून आईलाही ते झाल्यासारखं वाटत नाही. माझी तक्रार क्लासपेक्षा या गोष्टीशी जास्त आहे.

कलम ५. ओवी.
ओवी चष्मा लावते आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारते. हल्ली तिने लेन्सचा हट्ट धरला आहे. का, तर "दीदी, टॉपर लोग चश्मा नहीं लगाते. बोर्ड पे आपका भी तो उतर गया ना." तिचे बाबा, शिशिरकाका, म्हणतात, "टॉपरच्या घरची पोट्टी दुसरीकडे शिकली तर लोक हसतीन." क्लास तिची फी माफ करायला तयार आहे. बदल्यात मी उद्या स्टेजवर जाऊन 'यहीं से बनी हूँ' एवढंच म्हणायचं.

मी म्हणणार नाही. माझा चेहरा दाखवून ओवीला कुठेही घालू नये. तिला स्वतःला जायचं असेल तर तिने चष्म्यासकट जावं, मी सोडायला येईन. निळा स्टूल ओवीला देते. आईची तयारी असेल तर त्यासोबत आईपण.

कलम ६. हॉलमधली फ्रेम.
आईला. तिने ती फार जपली आहे.

व्यवस्थापक म्हणून चारुदत्तकाकांना नेमते.

वाचून झाल्यावर जोडलेला मजकूर, कारण पुढे जे झालं ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही:

साक्षीदार म्हणून माझी ऑफिसातली मैत्रीण क्षमा आली होती. दुसरे शिशिरकाका होणार होते. कलम पाच ऐकून त्यांनी पेन खिशात घातलं. मग आई हात पुसत पुढे आली.

"द्या इकडे. मी करतो सही."

"वहिनी," चारुदत्तकाका म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. फ्रेम जाईल."

"जाऊ द्या."

"आणि साक्ष फक्त सहीची हं. मजकुराशी तुमचा संबंध नाही."

"काहून नाई? मजकूर माह्याच तं आहे."

शिशिरकाका म्हणाले, "मग उद्याचं काय, वहिनी?"

"ओवीले संध्याकाळी इकडे पाठवा. अन् भुकेली पाठवा."

ओवीने पहिल्यांदाच मराठीत विचारलं. "पण काकू, मला समजलं नाही तर?"

"मले तरी कुठं समजते!"

ठिकाण: ब्राह्मणपारा, रायपूर
रविवार, १४ जून २०२६

लिहून देणार: देवश्री प्रल्हाद चिंचोळकर (सही)

साक्षीदार १: क्षमा वाघ (सही)

साक्षीदार २: रमा प्रल्हाद चिंचोळकर (सही)
देवश्रीनं माझ्यासमोर सही केली. ती कोणत्याच क्लासात गेली नाई. मी शिकवली.