पन्नाशीची अट

२५ ऑगस्ट, सकाळी ६.१०
परवा तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, मी सगळ्यांना बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, दिला आणि कोणाला न सांगता पन्नास वर्षांचा झालो. माझा जन्म तान्ह्या पोळ्याचा. कागदावर १ जुलै १९७८ आहे, म्हणजे सत्तेचाळीस. पण ते कागदावर. शाळेत घालताना बाबांनी माझी तीन वर्षं कमी लिहिली, पुढे नोकरी लांबावी म्हणून. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी हे स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हाच मलाही कळलं. धक्का बसला नाही. मी वयाच्या मानाने जास्त समजदार आहे हे मला आधीपासून जाणवत होतंच.

पुष्पलता २० डिसेंबरला पन्नासची होईल. म्हणजे मी चार महिन्यांनी मोठा. घरात शेवटचा शब्द माझा असतो तो उगाच नाही.

संकल्प: नोकरी सोडायची. देशही सोडायचा. निवृत्तीची वाट सामान्य माणसं पाहतात.

२७ ऑगस्ट
कालही अंकितने डोकं फिरवलं. सदर भागातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी पंचवीस वर्षं क्लार्क. हा सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा फायलीला टॅग कसा लावतात ते मी शिकवलं. जुलैपासून तो ऑफिस सुपरिंटेंडंट. काल सगळ्यांसमोर म्हणाला, प्रेमानंदजी, तुमची फाईल अधुरी आहे, जरा लक्ष देत जा. मी काही बोललो नाही. माझं मौन त्याला झोंबलं असणार.

रात्री रिसर्च केला. थायलंड. पन्नास पूर्ण झालेल्या परदेशी माणसाला तिथे लांब मुदतीचा रिटायरमेंट व्हिसा मिळतो. वय पन्नास, बँकेत ठरावीक रक्कम, पोलिसांत नाव नको. तिन्हीत मी बसतो. रक्कम हुडकेश्वरचा दुसरा प्लॉट विकून येईल. तो पुष्पलताच्या नावावर आहे, बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटी कमी लागते म्हणून. निव्वळ फॉर्मॅलिटी.

पुष्पलताला सांगितलं. ती शिवणक्लासच्या पोरींचे ब्लाउज बेतत होती. तिने तिथल्याबद्दल काहीतरी विचारलं. मी तोवर पुढच्या मुद्द्यावर गेलो होतो.

१ सप्टेंबर
स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस दिली. शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर. अंकितने अर्ज दोनदा वाचला, विचारलं, पक्कं ना? मी नुसतं हसलो. असं हसायची मी दोन दिवस आरशासमोर प्रॅक्टिस केली होती.

६ सप्टेंबर
सदरलाच रोशन नावाचा व्हिसा कन्सल्टंट आहे. पोरगा हुशार, पण नियमांच्या फार आहारी गेलेला. पासपोर्ट उघडून म्हणाला, भाऊ, तुमी तर सत्तेचाळीसचे. मी त्याला बाबांची सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकली. मग म्हणाला, गोष्ट बराबर आहे भाऊ, पण हे एम्बसीले कोण सांगन?

म्हणजे जी तीन वर्षं मी आजवर नफा समजत होतो, ती आता माझ्या आणि समुद्राच्या मध्ये उभी. चिडचिड झाली. बाहेर येऊन दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले.

नोटीस मागे घ्यायची का? नाही. रोशन म्हणतो, पन्नासच्या आतल्यांसाठीही मार्ग आहेत. मार्ग आहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

१० सप्टेंबर
मार्ग पहिला. लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांचा व्हिसा. वयाची पन्नाशी लागत नाही. फक्त परदेशी कंपनी लागते. संकल्प: आठवडाभरात कंपनी मिळवणे.

१७ सप्टेंबर
एकेचाळीस ठिकाणी बायोडाटा पाठवला. स्किल्समध्ये लिहिलं: सर्व्हिस बुक, आवक-जावक, स्कॉलरशिपचे फॉर्म. एक उत्तर आलं. त्यात मीच त्यांना आधी पैसे भरायचे होते. पुष्पलता म्हणाली, भरू नका. मी भरणार नव्हतोच. तिने म्हटल्यामुळे भरावेसे वाटले एवढंच.

परदेशी कंपन्यांना अनुभवाची किंमत नाही.

१९ सप्टेंबर
मार्ग दुसरा, आणि हा माझ्यासाठीच काढलेला दिसतो. तिकडे जाऊन थाई बॉक्सिंग शिकायचं किंवा थाई स्वयंपाक शिकायचा. त्या शिक्षणापायीही लांब मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. बॉक्सिंग घेतलं. आधी इथे थोडी तयारी हवी म्हणून चौकातल्या जिममध्ये नाव घातलं. ट्रेनरने वय विचारलं. कोणतं सांगावं कळेना. सत्तेचाळीस सांगितलं, तरी त्याचा चेहरा पडला.

२१ सप्टेंबर
कंबर.

२४ सप्टेंबर
अजून कंबर. पुष्पलता गरम पाण्याची पिशवी देते आणि काहून गेले होते जिमले, म्हणते.  वळता येत नाही म्हणून तिच्याकडे पाठ करूनही झोपता येत नाही.

२८ सप्टेंबर
स्वयंपाक. आडवं पडून विचार केला तर हाच सोपा. पुष्पलताला सांगितलं, आज भाजी मी करणार. तेलात मसाला टाकला आणि तेवढ्यात काकांचा फोन आला. काकांना व्हिसा समजावून सांगेपर्यंत मसाला करपला. कढई अजून तारेने घासून राहिलो, म्हणजे पुष्पलता घासून राहिली. मला कंबरेमुळे वाकता येत नाही.

३ ऑक्टोबर
मार्ग तिसरा, भाषा. विद्यार्थी व्हिसा. मोबाईलमध्ये थाई शिकवणारं ॲप घेतलं. एकच शब्द पाच सुरांत म्हटला की पाच अर्थ होतात. मुलगी उन्नती पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. मी म्हणून दाखवलं तर तिने विचारलं, बाबा, तुमची कंबर अजून दुखते का?

चौथा मार्ग म्हणजे मोठी फी भरून मेंबरशिप. आकडा पाहिला. दोन्ही प्लॉट, घर आणि शिलाई मशीनसुद्धा विकली तरी पुरत नाही. मेंबर व्हायचा मला तसाही तिटकारा.

८ ऑक्टोबर, पहाटे ५
सुचलं! मार्ग माझ्यात नाही, कागदात शोधायचा. चूक कागदाची आहे तर कागद दुरुस्त करायचा. मी गावात जन्मलो. काटोलच्या पुढे आमचं गाव, तिथल्या ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचं रजिस्टर. त्यात खरी तारीख असणारच. तो उतारा, मग पासपोर्टची दुरुस्ती, मग मी अधिकृत पन्नास. एवढी साधी गोष्ट रोशनच्या लक्षात आली नाही याचं आश्चर्य वाटलं नाही. कन्सल्टंट लोक फी घेतात, डोकं चालवत नाहीत.

बाबांना फोन केला. म्हटलं, जन्माचा उतारा काढतो आहे. त्यांनी आधी संत्र्याचे भाव सांगितले. मग म्हणाले, काहून? सुखानं बस नं घरी. म्हातारपणी माणूस घाबरट होतो.

१७ ऑक्टोबर
निरोप समारंभ. तारखेआधी दीड महिना. अंकितचं म्हणणं, दिवाळीचा फराळ ठेवलाच आहे, त्यातच उरकून घेऊ. म्हणजे माझी पंचवीस वर्षं चिवड्यात. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. मी भाषण केलं. म्हटलं, आयुष्यात वेळीच निघता आलं पाहिजे. टाळ्या झाल्या. शिपाई रामाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर कळलं त्यांना सर्दी आहे.

अंकितने भाषणात मला आमचे ज्येष्ठ म्हटलं. प्रथमच खरं बोलला.

४ नोव्हेंबर
काटोलला बसने. पुढे ऑटो. ग्रामपंचायतीला कुलूप. ग्रामसेवकाकडे दोन गावांचा चार्ज, ते दुसऱ्या गावी. दुसऱ्या गावी गेलो तर ते पहिल्या गावी निघालेले. अर्ज टाकून आलो. बाबा वाडीत होते, संत्र्याचा तोडा चालू होता. मला पाहून झाडामागे गेले असं वाटलं. बहुतेक भास असेल.

१२ नोव्हेंबर
पुन्हा. रजिस्टर सापडलं, कपाटाची किल्ली नाही.

१९ नोव्हेंबर, दुपारी ३.४०, काटोल बसस्टँड
उतारा हातात आहे.

जन्म दिनांक: २३ ऑगस्ट १९७९.

चूक असणार. बापाचं नाव गोपाळराव, बरोबर. आईचं नाव बरोबर. गाव बरोबर. मोबाईलवर पाहिलं, त्या साली तान्हा पोळा त्याच दिवशी. सालच चुकलं असणार. पण रजिस्टर ओळीने लिहिलेलं आहे. वरच्या ओळीत शेजारची सुमती, खालच्या ओळीत तिचा चुलतभाऊ, सगळे एकोणऐंशीचे. तिघे एकाच वर्षी चुकलो असू असं ग्रामसेवक मानत नाहीत.

१९७९. मी सेहेचाळीस.

१९ नोव्हेंबर, रात्री
बस सोडली आणि परत गावी गेलो. बाबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच वाचला.

म्हणाले, तू घरी लय उधम करत होता, तुह्या मायच्या नाकी नऊ आले, म्हणून सव्वा वर्ष वाढवून शाळेत टाकला. वाढवून! विचारलं, मग ती तीन वर्षं कमी केल्याची गोष्ट? तर म्हणाले, ते सोयरिकीच्या टायमाले. पोरीचे मामा कॉलेजच्या संस्थेवर, त्यायनंच तुले चिकटवलं होतं. त्यायच्या मनात तुह्यासाठी पुष्पा, अन् कागदावर पोरगी तुह्याहून अडीच वर्षांनं मोठी. लोक काय म्हणतीन म्हणून मी बैठकीत सांगून टाकलं, पोराचं वय म्याच कमी लिवलं हाय. तिकडचे खूश, इकडचे खूश. तुले कोण पोरगी देत होतं गा बाविसाव्या वर्षी, मिसरूड नव्हती फुटली नीट.

मी म्हटलं, बाबा, मी त्या गोष्टीवर चोवीस वर्षं जगलो. ते म्हणाले, वाईट जगला काय?

राग आला. खूप आला. संत्री दिली ती घेतली नाहीत. बसमध्ये भूक लागली तेव्हा पस्तावलो.

२१ नोव्हेंबर
रोशनला फोनवर सांगितलं. हा कागद लावला तर तीन वर्षांऐवजी चार वर्षं थांबावं लागेल म्हणाला. वर विचारलं, भाऊ, हा कागद कुठं दाखवला तर नाही ना? दाखवू नका.

संकल्प: कागद कपाटात, साड्यांच्या खाली. पुष्पलताला सांगायचं नाही.

२२ नोव्हेंबर
साड्या पुष्पलताच्या आहेत हे लक्षात राहिलं नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी ओरडलो असतो आणि शेवटचा शब्द माझा झाला असता. तिने बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावर म्हणाली, पावणेचार वर्षांनी मोठी हाय मी तुमच्याहून. मग म्हणाली, फ्रिज कोणता घ्यायचा, उन्नतीले कोणत्या शाळेत टाकायचं, मायच्या दुखण्यात माहेरी किती दिवस राहायचं, सगळ्यात तुमी मोठे. चार महिन्यांनी.

तेवढंच बोलली आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन चालू केलं नाही. मला वाईट वाटलं. तिला फार दिवसांपूर्वीचं काही आठवत असावं.

२७ नोव्हेंबर
नोटीस मागे घेण्याचा अर्ज दिला. तीन वर्षं पगाराशिवाय काढता येणार नाहीत एवढं गणित मलाही येतं. अंकितने अर्ज दोनदा वाचला. पक्कं ना, असं विचारलं. या वेळी मला हसता आलं नाही. नियमात बसतं म्हणाला आणि मंजूर केलं. वर चहा पाजला. त्याने अपमान केला असता तर बरं झालं असतं.

१ डिसेंबर
ऑफिस. जुन्याच खुर्चीवर. रामाजींनी विचारलं, काही विसरलं होतं का भाऊ? शालीचं काय करायचं कोणी सांगत नाही. घड्याळ मी परत आणून ठेवलं, तर अंकितने ते माझ्याच टेबलासमोर लावलं.

८ डिसेंबर
एक विचार मनात आला. पुष्पलता २० तारखेला पन्नासची. तिचा कागद खरा. मुख्य अर्जदार ती आणि जोडीदार म्हणून मी. रोशन म्हणाला, तसं होऊ शकते भाऊ, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. आयडिया माझी, सही फक्त तिची. हे तिला पटवायला दोन मिनिटं पुरे.

९ डिसेंबर
पटवायची गरज पडली नाही. ती २५ नोव्हेंबरलाच रोशनकडे जाऊन आली आहे. हुडकेश्वरच्या प्लॉटला गिऱ्हाईकही तिनेच पाहिलं. क्लास तिची धाकटी बहीण शामला चालवणार. रोशन माझ्याकडे आदराने का पाहत होता ते कळलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, मॅडमच्या मिस्टरांकडे पाहत होता.

२० डिसेंबर, रात्री ९
पुष्पलताचा पन्नासावा वाढदिवस. केक मी आणला. अर्ज तिने आज भरला. मुद्दा मांडला की जोडीदार म्हणून माझं नाव कुठे घालायचं ते रोशनला विचारून घे. ती म्हणाली, विचारलं. तुमची दहा वर्षं नोकरी बाकी हाय, पेन्शन कशाले बुडवता. मी म्हटलं, मग मी? ती म्हणाली, ऑगस्टमध्ये मी तुमाले पहिल्यांदा काय विचारलं होतं, आठवते का? मला आठवलं नाही. ती म्हणाली, मी विचारलं होतं की तिथं मले काय करा लागन. अन् तुमी आयकलंच नाही. आता म्याच ठरवलं. काहीच नाही करत मी तिथं. बसून राहाते समुद्रापाशी.

मग केकचा पहिला तुकडा मला दिला, मोठ्या माणसाने धाकट्याला द्यावा तसा, आणि म्हणाली, सुट्टीत या.

चौकशी केली. सुट्टीत टुरिस्ट म्हणून जाता येतं. त्याला वयाची अट नाही. रजेचा अर्ज सोमवारी अंकितकडे देतो.