लाल शाईतलं शेवटचं नाव

१७ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. मी इकडे बरी आहे, तुम्हीही बरे असाल. वहिनीचा गुडघा कसा आहे? माझा मोतीबिंदू निघाला, त्यामुळे लोकांच्या चुका पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात. स्वतःच्याही दिसायला लागल्या आहेत, पण ते नंतर.

अकरा वर्षं माझं तुला चार ओळींचं पत्र जातं आणि तुझं मला तीन ओळींचं येतं. एवढं जाड पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. उलट आमच्या इमारतीत सध्या इतकी मजा चालली आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. आणि सांगायचं म्हटल्यावर तूच आठवलास.

इमारतीची खजिनदार मीच आहे हे तुला ठाऊक आहे. बारा वर्षं. दर वर्षीच्या सभेत मी शिल्लक वाचून दाखवायचे, ती आदल्या वर्षीपेक्षा जास्त असायची आणि लोक टाळ्या वाजवायचे. लहानपणी मी दाणा दाणा साठवायचे म्हणून तू मला मुंगी म्हणायचास ना, त्या मुंगीला आणखी काय हवं? जिन्याच्या भिंतींचे पोपडे पडत होते, निम्मे दिवे गेले होते, मुख्य दार एका बिजागरीवर लोंबत होतं, लिफ्ट सहा वर्षं बंद होती. पण तिजोरीतून छदाम बाहेर जात नव्हता.

जे महिन्याची वर्गणी थकवायचे त्यांची नावं मी खालच्या पांढऱ्या फळ्यावर लाल शाईने लिहायचे. कायम तेच चौघं: तळमजल्यावरचा रंगारी, सुतार, वायरमन आणि तिसऱ्या मजल्यावरची शिंपीण. ऐपत नाही तर ऐट कशाला, असं मी चारचौघांत म्हणायचे. आता आठवलं की कान गरम होतात.

ऑक्टोबरात मी रंगाऱ्याकडे चौदा महिन्यांची थकबाकी मागायला गेले, तर हा स्वतःच्याच दाराला रंग देत बसलेला. चांगलं निळं दार, त्यावर हिरवा चढत होता. माझं डोकंच सणकलं. आमचे पैसे बुडवून दाराचे लाड चाललेत का, असं मी फाडकन विचारलं.

तो उठलासुद्धा नाही. म्हणाला, "ताई, वर्षात तिसऱ्यांदा रंगवतोय. जुना उरलेला रंग आहे. हात रिकामा बसला की परत वळत नाही. काम द्या कुठलंही, पहिला पैसा तुमच्याकडे भरतो."

"काम काय झाडाला लागतं?" मी म्हटलं.

त्याने ब्रशनेच जिन्याकडे दाखवलं. "ही भिंत रोज माझ्याकडे बघते, ताई. आणि मी तिच्याकडे."

मी तणतणत वर आले आणि दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत थकबाकीदार, दुसरीत मी पुढे ढकललेली कामं. रंग, दारं, वायरिंग, सभेच्या खोलीचे पडदे. दादा, ज्यांच्याकडे मी पैसे मागत होते, त्यांनाच काम द्यायचं नाकारत होते. माझ्या वहीत जी शिल्लक वाढत होती, तीच त्यांच्या घरात तूट होऊन बसली होती. इतकी साधी गोष्ट, आणि मी कॉमर्स शिकलेली बाई!

सभेत मी खर्चाचं बोलले तेव्हा लोकांना वाटलं मला ताप आलाय. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, अडीअडचणीला काय करणार? त्यांचं खरंच होतं. म्हणून गच्ची आणि पाण्याचा पंप यांच्यापुरती रक्कम बाजूला ठेवली आणि बाकीची सोडली. पहिला चेक फाडण्याआधी मी आकडा तीनदा तपासला, खोटं कशाला सांगू.

आणि मग गंमत बघ. रंगाऱ्याने निम्मी मजुरी थकबाकीत वळती केली. उरलेल्या पैशांतून शिंपिणीकडून घरचे पडदे शिवून घेतले. तिने त्यातून मशीनचं मोडकं टेबल सुताराकडे दिलं. सुताराने वायरमनकडून दुकानात नवी वायर ओढून घेतली. आणि प्रत्येक जण माझ्या दारात येऊन आपापली बाकी भरून गेला. पैसा घराबाहेर पडला की संपतो, अशी माझी आयुष्यभराची समजूत. तो तर जिने चढून परत माझ्याकडेच आला. सगळा नाही, पण बराच.

यंदाची शिल्लक मी अगदी हळू आवाजात वाचली. गेल्या वर्षीच्या एक चतुर्थांश. टाळ्या थांबेनात.

आता राहिली लिफ्ट. चौथ्या मजल्यावरच्या काकू सहा वर्षांत चारदा खाली उतरल्यात, भाजी दोरीला टोपली बांधून वर घेतात. कंपनीचा माणूस म्हणाला, भंगारात काढा. मी म्हटलं, ही लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस मला माहीत आहे. कोण, कोण, म्हणून सगळे विचारायला लागले. "माझा दादा" एवढंच म्हटलं आणि वह्या आवरायला लागले.

दादा, अकरा वर्षांपूर्वी तू स्वतःच्या वर्कशॉपसाठी उसने मागितलेस, तेव्हा माझी ठेव बँकेत नुसती पडून होती. मी तुला अंथरूण पाहून पाय पसरायला सांगितलं. तू ताटावरून उठून गेलास. पण त्याहून जुनी गोष्ट मी कधीच बोलले नाही. दहावीनंतर तू शिक्षण सोडून लिफ्टच्या कामाला, खड्ड्यात उतरलास, म्हणून माझ्या कॉलेजची फी भरली गेली. त्या पावत्या माझ्या कपाटात आहेत. मी कोणाचं देणं लागत नाही, असं जगाला छाती ठोकून सांगत आले, आणि माझं अंथरूणच तुझं होतं. माझं चुकलं. फार चुकलं.

मार्चमध्ये तू निवृत्त होतोस असं वहिनीने कळवलंय. तळमजल्यावरची अडगळीची खोली तुझ्या वर्कशॉपसाठी रिकामी केली आहे. सुताराने बाक ठोकलाय, रंगाऱ्याने पाटी रंगवून नावाची जागा मोकळी सोडली आहे. ठेव मी मोडली आहे, चेक सोबत आहे. हे कर्ज समजू नकोस, परत करायला आलास तर दार उघडणार नाही. काकूंनी तर आत्ताच चपला पुसून दाराशी ठेवल्यात.

फळा पुसला होता. काल मी त्यावर लाल शाईने एकच नाव लिहिलं. जातायेता लोक थांबून विचारतात, ताई, तुमचं कसं काय? मी सांगते, ते खोडणारा येतोय.

तुझी थकबाकीदार,
मुंगी