झेलिंदा मोर्सेल्लीच्या चार तबकड्या

१४ जानेवारी १९०८, पार्मा

डॉक्टरांनी आज पुन्हा घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ आहे.

"बाई, तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. गाणं तर सोडाच."

आणि गायले तर? त्यांनी सावकाश आरसा पुसला. "तर मग पुढे काय करू, हे विचारायला माझ्याकडे येऊ नका."

एकवीस वर्षं ऑपेरात गाते आहे. रेज्जो, मोदेना, क्रेमोना, एकदा ओदेसा. मिलानच्या मोठ्या रंगमंचावर एकदाही नाही. वय त्रेचाळीस. आज घरी येताना जिना चढायचाही कंटाळा आला.

१६ जानेवारी

आर्जिया रश्श्यातले आनोलिनी, सारण भरलेले कणकेचे छोटे गोळे, घेऊन आली. कोरसमधली. अकरा वर्षं माझ्या मागे उभी राहून गाते, माझ्या सगळ्या भूमिका तिला तोंडपाठ. मी पाटीवर लिहायचं, तिने बोलायचं, असं चाललंय.

"आज बरी सापडलीस. आता मुकाट ऐक," म्हणाली, आणि तासभर जावेची गाऱ्हाणी.

२० जानेवारी

मिलानहून पत्र. गाण्याच्या तबकड्या काढणारी कंपनी. रिगामोंती नावाचे कुणी लिहितात — चार गाणी, सहा फेब्रुवारीला. तारीख पुढे ढकलता येणार नाही, यंत्र नंतर वॉर्साला जायचंय.

आर्जिया म्हणाली, "जाऊ नकोस."

मी लिहिलं — मी मेल्यावर माझं काय उरणार?

"आधी जिवंतपणी आवाज तर उरू दे."

२ फेब्रुवारी

जाणार.

६ फेब्रुवारी, मिलान

हॉटेलातली खोली. ज्यावर गाणं कोरलं जातं ते मेण मऊ राहावं म्हणून शेगडी पेटवून भट्टी केलेली. पियानो खोक्यांवर चढवलेला, भिंतीतून कर्णा बाहेर आलेला. त्या कर्ण्याला प्रियकर समजून गायचं! वरचा सूर आला की मागचा माणूस कंबरेला धरून मला मागे ओढी, नाहीतर म्हणे मेण फाटतं.

चार गाणी झाली. चौथ्याच्या शेवटी घशात काहीतरी सुटल्यासारखं झालं. सूर मात्र पुरा लागला.

"ऐकवा ना," म्हटलं. रिगामोंती म्हणाले, "आत्ता वाजवलं तर मेण बिघडेल. उन्हाळ्यात ऐका."

१० फेब्रुवारी

आवाज नाही. नुसता वारा. त्या दिवशीचं "ऐकवा ना" हेच मी शेवटचं मोठ्याने बोललेलं.

२७ फेब्रुवारी

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च

रिगामोंतींचं पत्र. मेणाच्या मूळ तबकड्या कारखान्यात नेताना तडकल्या. चारही. फार वाईट वाटतं, लिहितात. यादी छापून झाली आहे, नाव पेठेत गेलं आहे. यंत्र वॉर्साहून परत येतंय, तीस तारखेला पुन्हा यावं.

दिवसभर खिडकीशी बसले. स्वयंपाक केला नाही.

२१ मार्च

आर्जियाला पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं. मग मीच लिहिलं — तू गा.

ती हसायला लागली. मी हसत नाही हे पाहून थांबली. "अकरा वर्षं तुझ्या मागे उभी राहिले. आता तुझ्या आत उभी राहू?"

मी हात जोडले.

३० मार्च, मिलान

रिगामोंतींना सगळं खरं सांगितलं, म्हणजे आर्जियाने सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. "यादीत मोर्सेल्ली आहे, तेव्हा या खेपेला मोर्सेल्लीच. पुढच्या छपाईत यांचं नाव घालू. मोर्सेल्लीबाईंनी तशा दोन ओळी लिहून द्यायच्या."

आज तिच्या कंबरेला धरून मागे ओढायला मी उभी होते. तिसऱ्या गाण्यात तिने वरचा सूर घेतला. तसा मला कधीच लागला नाही, अगदी तिशीतही नाही. इतकी वर्षं ही बाई मागे का उभी होती? पुढे ये, असं तिला कुणी म्हटलंच नाही. मीही नाही.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "दोन ओळी टाकशील ना गं? माझं नाव छापलं की आईला दाखवीन म्हणते."

मी मान डोलावली.

७ जून, पार्मा

तबकड्या आल्या. चौकातल्या औषधवाल्याकडे यंत्र आहे. निम्मा मोहल्ला गोळा झालेला. म्हातारा देल्फो आला होता, रेल्वेवरचा हमाल. नाटकगृहाच्या गॅलरीत बसून सोळा वर्षं शिट्ट्या मारून माझी हुर्यो उडवणारा हाच. तिसरं गाणं संपलं तेव्हा त्याने टोपी काढली.

"बाई, आम्ही तुमच्या गाण्याचं चीज केलं नाही. चुकलं आमचं."

लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी मला खुर्ची दिली. मी बसले. आर्जिया भाजीची पिशवी घेऊन दाराशी उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

१४ जून

आर्जियाने विचारलं, कंपनीला लिहिलंस का? पाटीवर लिहिलं — हो, मागच्याच आठवड्यात.

लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.