भावासाठी घेतलेला डोंगा

बाबा, तुम्ही मला डोंग्यात बसवून तलावाच्या मधोमध न्यायचात आणि धाकट्या भावाला मात्र पाळीवर, बांधावरच ठेवायचात, ते कशासाठी? त्याला वाचवायला, की लोकांपासून लपवायला? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता विचारायचीही सोय उरली नाही. तेव्हा मला वाटायचं, त्याचा हात जाळ्यावर चांगला बसतो म्हणून तुम्ही त्याच्यापुढे फाटकी जाळी टाकता. कोणी विचारलं तर तुम्हीच सांगायचात, "पोट्टा गाठी लय मस्त मारते. त्याले काऊन ओला करू?" लोक हसायचे, विषय संपायचा.

भाऊ आता एटापल्लीकडे खाणीच्या ट्रकवर आहे. लाल धुळीने माखून अधूनमधून घरी येतो, खोकतो, परत जातो. मी घरातली पहिली बी.ए. झाले, गावातल्या बायांना गोळा करून तलावावर आणि आपल्या हक्कावर बोलू लागले, आणि माझ्याच घरातला, मासे धरणाऱ्या ढीवराचा मुलगा दगड वाहतो हे मला सलायला लागलं. मासेमार संस्थेत तुमच्या जागी त्याचं नाव होतंच. फक्त डोंगा नव्हता. त्याच्या मागे लागून मी त्याला सुट्टी घ्यायला लावली आणि पलीकडच्या काठावरच्या एका म्हाताऱ्याचा जुना डोंगा विकत घेतला. त्या म्हाताऱ्याचे मुलगे बल्लारपूरला कामाला लागलेत, वल्हवणारं घरात कोणी नाही.

डोंगा सागाच्या फळ्यांचा, कितीतरी दिवस झाडाखाली पालथा पडलेला. म्हातारा म्हणाला, "बाई, लाकूड सुकून गेलं हाये. थोडे दिवस पाण्यात बुडवून ठेव, फळ्या फुगू दे, मंग ने." हे मलाही माहीत होतं, तुम्ही दर हंगामाआधी तेच करायचात. पण त्याच संध्याकाळी संस्थेची सभा होती, मोसमातल्या पहिल्या ओढीत मोठं जाळं ओढायला कोणाकोणाचे डोंगे जातील ते ठरणार होतं, आणि आमचा डोंगा पाळीला लागलेला सगळ्यांनी पाहावा अशी माझी हौस. भाऊ सकाळपासून म्हणत होता, "गाडीवर टाकून नेऊ नं, ताई." मी म्हटलं, "ढीवराचा डोंगा गाडीवर? लोक हसतीन नं बे!" तो मान खाली घालून डोंग्यात बसला. मला वाटलं, लाजला.

आम्ही मधोमध येतो. वावधन सुटतं, वादळी वारा अंगावर येतो, पाणी काळं होऊन उसळायला लागतं. पायांना गार लागतं म्हणून पाहते, तर दोन फळ्यांमधून पाणी आत येतंय. मला वल्हं सोडता येत नाही. सोडलं तर डोंगा वाऱ्याला आडवा होईल. "डबा घे, उपस!" मी ओरडते. तो हलत नाही. दोन्ही हातांनी काठ धरून बसलाय, बोटं पांढरी पडलीत, डबा त्याच्या गुडघ्याशी तरंगतोय. "अबे उपस नं, मरून जाऊ दोघंबी!" पाणी घोट्याच्या वर येतं. शेवटी मी त्याच्या पाठीत वल्हं मारलं, बाबा. जोरात मारलं. तेव्हा कुठे त्याने एक हात सोडला. डोळे मिटून तो एका हाताने उपसत राहिला आणि मी समोर दिसलेल्या काठच्या बेशरमच्या झुडपांत डोंगा घुसवला.

काठावर चिखलात बसून तो ओकला. मग म्हणाला, "ताई, मले लहानपणापासून पाण्याचं भेव वाटते. बाबाले मालूम होतं. बाबा म्हणे, कोणाले सांगू नोको, मी पाह्यतो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू भाषण देशीन म्हणून." हसायला गेला, मग बाहीने तोंड पुसलं. "आता ओढीले नाई गेलो तर अख्खा मोहल्ला म्हणन, ढीवराचा पोट्टा पाण्याले भेते. मंग मी या गावात पाय नाई ठेवत."

संध्याकाळी सभेत अध्यक्षांनी विचारलं, "काऊन बाई, डोंगा आला म्हणते? मंग भावाचं नाव धरू नं?"

"नोका धरू," मी म्हटलं. "डोंगा मी घेतला, मीच चालवीन. बाबाच्या जागी माह्यं नाव टाका."

आपल्यात बाया मासळी विकतात, ओढीच्या डोंग्यात बसत नाहीत. सगळे हसले. "बी.ए. करून वल्हं मारते काय? अन् भावाले हाकललं!" मागून काकू म्हणाली, "सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढते, पाहा." दाराशी उभ्या भावाकडे मी पाहिलं. त्याला कळायला क्षणभर लागला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "घे तुलेच! मले नाई पाह्यजे तुया डोंगा," आणि पाय आपटत निघून गेला. लोक त्याची समजूत काढायला मागे धावले. यादीत माझं नाव चढलं.

तो ट्रकवर परत गेला आहे. गावात त्याची कीव होते आणि माझं नाव निघालं की बाया तोंड फिरवतात. ज्यांच्यापुढे मी खरं बोलायच्या गोष्टी सांगायचे, त्याच या बाया. आई माझ्याशी बोलत नाही. तिलाही मी खरं सांगितलेलं नाही, आणि बाबा, ते मला फार जड जातं. हे पत्र घरात ठेवलं तर कोणाच्या तरी हाती लागेल, म्हणून लिहून झालं की चुलीत घालणार आहे. डोंगा बुडवून ठेवला होता, फळ्या फुगून बसल्या. काल पहिली ओढ झाली. मी वल्हं मारलं.