गाडी दुसऱ्याच्या हातात असताना

५ ऑक्टोबर

मुखोला पोचले एकदाची! समुद्र इतका जवळ आहे की वाळत घातलेल्या कपड्यांनाही खारा वास येतो, आणि मला तो चक्क आवडला. घर डोंगरउतारावर, दोन खोल्यांचं, खिडकीतून बंदर दिसतं. दातांच्या दवाखान्यातली नोकरी उद्यापासून. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच एखादी जागा बघून वाटलं, इथे आपलं जमेल. दा-ओन अजून वॉनजूला माझ्या धाकट्या बहिणीकडे, सॉन-आ हिच्याकडे आहे. सात वर्षांच्या पोरीला आईपासून लांब ठेवणं आता पुरे झालं. घर लागलं की लगेच घेऊन येणार.

गाडीसुद्धा घेतली. जुनी, पांढरी, पण इंजिन ठणठणीत. विकणारे यॉम साहेब बंदरावर सुक्या मासळीचं दुकान चालवतात. किल्ली देताना म्हणाले, डिकीत जे आहे ते तिथेच राहू द्या. मी मान डोलावली. म्हातारी माणसं काहीबाही सांगतच असतात.

८ ऑक्टोबर

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर गरम पाण्याचं स्नानगृह आहे, त्यामुळे दिवसभर आजीबायांची वर्दळ. पार्किंगची जागा एवढीशी. राखणदार पेक काका सगळ्यांच्या किल्ल्या ठेवून घेतात आणि गाड्या पुढेमागे सरकवत बसतात. मी त्यांना सांगून टाकलं की माझ्या गाडीतला कॅमेरा चालूच राहील, आवाजासकट. त्यांना जरा लागलंच. म्हणाले, "बाई, ही गाडी घेऊन मी कुठे पळणार? ठेवा चालू! फुकटात माझं गाणं तरी रेकॉर्ड होईल."

काय करू, स्वभावच तसा झालाय. नवऱ्याने इतकी वर्षं थापा मारल्या की आता कानाने ऐकल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. कॅमेऱ्याला गाडीच्या पुढचं आणि मागचं दिसतं, आतलं नाही. आतला नुसता आवाज येतो. घरी आल्यावर मी फक्त गाडी दुसऱ्याच्या हातात असतानाचं ऐकते. मी चालवते तेव्हाचं कशाला ऐकायचं? तेव्हा मी असतेच की तिथे.

पेक काका खरंच गातात, आणि भयंकर गातात.

१२ ऑक्टोबर

दा-ओन आली! घरात पुन्हा बडबड सुरू झाली.

सामान काढताना डिकीच्या कोपऱ्यात मासा सापडला. अख्खा, सुका, डोळे उघडे, पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला. नव्या गाडीची पूजा करतात तेव्हा ठेवतात तसा. आमच्याही बाबांच्या ट्रकमध्ये असायचा. पण इतका मोठा मासा हल्ली बाजारात बघायलाही मिळत नाही. तो डिकीत कुजत ठेवायचा? मी दोरा कापून फेकला, मासा बडवून भिजवला आणि मुळा-अंडं घालून सूप केलं. दा-ओनने वाडगं चाटून पुसून साफ केलं.

१५ ऑक्टोबर

आजच्या रेकॉर्डिंगमध्ये पेक काका गात नव्हते, बोलत होते. "बसा आजी, बसा. बाहेर वारं आहे. छे हो, तसदी कसली?"

स्नानगृहातल्या कुणा म्हातारीला माझ्या गाडीत बसवलं वाटतं! संध्याकाळी मी त्यांना टोमणा मारला की माझ्या गाडीचं प्रतीक्षालय कधी केलंत? ते गोंधळलेच. म्हणाले, "मी कुठे बसवलं? मागे बसल्याच होत्या. तुमच्या आई ना त्या?"

माझी आई जाऊन वर्षं लोटली.

१९ ऑक्टोबर

हिवाळ्याचे टायर घालायला गाडी गॅरेजात दिली होती. तिथलं रेकॉर्डिंग ऐकलं. मेकॅनिक म्हणत होता, "आजी, जरा उतरता का? गाडी वर उचलायचीय. नाही? बरं, बसा मग, घट्ट धरा." मग बराच वेळ पान्यांचा आवाज. मग, "कुठली पोरगी? मला काय माहीत आजी? तिच्या आईलाच विचारा."

समोरून दुसरा आवाज नाही. मी तीनतीनदा ऐकलं. त्याच्या बोलण्यामध्ये नुसती गप्प जागा आहे, कुणी बोलून संपेपर्यंत थांबावं तेवढी.

किल्ली देताना त्याने वाकून निरोप घेतला होता. मला वाटलं, मलाच.

२२ ऑक्टोबर

यॉम साहेबांकडे गेले. मासा खाल्ल्याचं ऐकल्यावर त्यांच्या हातातली सुरी खाली पडली. आधी शिव्या घातल्या, मग खुर्ची दिली. या गाडीखाली एक आजीबाई सापडल्या होत्या, बाजारातून घरी निघालेल्या. त्यानंतर त्या गाडी सोडेनात. तेव्हा एका जाणत्या बाईने पूजा घालून तो मासा त्यांना सोबतीला दिला. माणसाच्या बदल्यात. "सोबत मिळाली म्हणून त्या गप्प होत्या," साहेब म्हणाले. "ती तुम्ही खाऊन टाकलीत. आता त्या काय मागणार, सांगा बघू?"

मी विचारलं, मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर गाडी घेतली असती का तुम्ही?

नवा मासा दिला त्यांनी, दोऱ्यासकट. डिकीत ठेवला.

२३ ऑक्टोबर

दोरा सुटून पडलाय. मासा तसाच. नको झालाय तो त्यांना.

२५ ऑक्टोबर

दा-ओन झोपली, मग लिहायला बसले.

दा-ओनला शाळेतून आणायला मी मैत्रिणीला पाठवलं होतं. माझ्याच दवाखान्यात असते ती. टॅक्सीने जा म्हणून बजावलं होतं. पण टॅक्सी मिळेना आणि माझी किल्ली काकांकडे होतीच. तिने माझीच गाडी नेली. तिचा काय दोष?

रेकॉर्डिंग ऐकलं. मैत्रीण म्हणतेय, "आजीजवळ बस हं, दा-ओन." मग माझ्या लेकीचा आवाज. खुदकन हसली. "आजी, तुझे हात किती गार!" मग, "येतो की मला पट्टा काढता." मग, "आईला नाही सांगणार."

झोपताना तिला विचारलं, आजी काय म्हणाली गं? तर कुशीवर वळली. म्हणाली, तुला नाही सांगायचं ठरलंय.

मला भीती वाटते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

२८ ऑक्टोबर

ठरलं. दा-ओन वॉनजूला जाणार, सॉन-आकडे. मग गाडी भंगारात.

बसने न्यावं म्हटलं तर पोरगी हटून बसली, गाडीनेच जायचं. रडून आकांत केला. आणि खरं सांगायचं तर माझ्या हातात गाडी असली की त्या नसतात. इतक्या दिवसांत एकदाही नाही. आरशात बघते, मागची सीट रिकामी. त्या येतात फक्त दुसऱ्याच्या हातात गाडी असताना. तेव्हा मीच नेणार. दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली देणार नाही.

२९ ऑक्टोबर

सुटले! पोचवली एकदाची. वाटेत काही म्हणता काही झालं नाही. पोरगी गाणी म्हणत होती. सॉन-आच्या इमारतीखाली सोडली, वर गेली, गॅलरीतून हात हलवला. मीही हलवला. वर गेले नाही, गेले असते तर माझा पाय निघाला नसता.

घरी येऊन चहा केला. किती दिवसांनी चव लागली.

२९ ऑक्टोबर, दुपार

सॉन-आचा फोन. ताई, तुम्ही दोघी निघालात की नाही अजून? जेवण गार झालं म्हणे.

मी म्हटलं, चेष्टा पुरे. ती म्हणाली, कसली चेष्टा? मी सकाळपासून गॅलरीतच उभी आहे—

पोलिसांना कळवलं. येताहेत. विचारतात, शेवटचं कुठे पाहिलंत?

कॅमेरा आहे. सकाळचं रेकॉर्डिंग आहे. माझं स्वतःचं. ते मी कधीच—

लावलंय.

वॉनजूचा रस्ता नाही हा. ही गाडी घाट चढलीच नाही. बंदर. मासळीची दुकानं. लाटा अडवायचा लांब धक्का, त्याच्या पार टोकापर्यंत—

गाडी थांबली. पुढे नुसतं पाणी.

माझा आवाज. माझाच. किती शांत. "पोचलो बरं का, आजी. सावकाश उतरा."

दार उघडल्याचा आवाज. पट्टा सुटल्याचा.

"हिचा हात घट्ट धरा हं. दगड निसरडे आहेत."

दा-ओन. दा-ओन म्हणतेय, "आई, तू नाही येत?"

आणि मी, मी हसतेय, मी म्हणतेय—