मागच्या खिशावरचं नाव

पनवेल,
ता. ११ जानेवारी १९९६

ती. गुणावन्संना,

सुनंदाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून जरा कमी वाकले, पूर्ण समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही मायलेकी बऱ्या आहोत असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिलं. खरं तर आठ दिवस माझ्या छातीत धडधडतं आहे आणि त्याला तुमचा अवधूत जबाबदार आहे.

त्याने न्यूयॉर्कहून आपल्या मामेबहिणीला मासिक पाठवलं. चारुता त्यातलं वाचून दाखवते. तिकडच्या गरीब वस्त्यांत मुलं म्हणे तालावर नुसती बोलतात (कीर्तनकारासारखी, पण भांडणाच्या सुरात). थोरल्याचे कपडे धाकट्याच्या अंगावर, म्हणून सगळं ढगळ. मोठ्या कंपन्या या पोरांना विचारीनात, तेव्हा ती म्हणाली, आमचे कपडे आम्हीच शिवू आणि वर आमचंच नाव घालू. कोणी घरी टोप्या शिवून रस्त्यावर विकल्या, त्याची आता मोठी कंपनी झाली. एका आईने तर राहतं घर गहाण टाकून बैठकीत मशिनं बसवली. हे वाक्य चारुताने मला दोनदा वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून मी घराचे कागद डाळीच्या डब्यात ठेवते.

गेल्या मंगळवारी ओवे गावची गंगाबाई भाजीची पाटी घेऊन आली आणि फाटकातूनच किंचाळली, “वयनी, सायबांची प्यांट चाललीय! प्यांट हाय, सायब नाय!” मी हातातली परात टाकून धावले. अंगणात यांची तपकिरी पँट खरंच चालत होती. वर चारुता आहे, ते मला नंतर दिसलं. (गंगाबाई त्या दिवशी मेथीचे पैसे न घेताच गेली, अजून आलेली नाही.) गेलेल्या माणसाचे कपडे अंगावर घालू नयेत, घरात भलतंसलतं होतं, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, “आई, व्हायचं ते होऊन गेलं ना?” मी टाकलेली परात उचलायला आत गेले.

आता त्या पँटच्या मापाने तिने कॉलेजच्या गॅदरिंगसाठी एकोणीस पँटी शिवायला घेतल्या आहेत. शिवते मीच, ती फक्त घेते. नाचणारी मुलं त्या घालणार, आणि मागच्या खिशावर कंपनीचं नाव म्हणून यांचं नाव! वन्सं, मुलं बसणार कुठे? यांच्यावर! चारुता म्हणते, गरिबांचा वाली असा अर्थ आहे, याहून चांगलं नाव कुठल्या कंपनीला मिळणार? तेवीस वर्षं मी ते तोंडातून काढलं नाही. उखाण्यातसुद्धा ‘साहेब’ म्हणून वेळ मारून नेली. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी घेतलं नाही, तरी झालंच. आता पनवेलभर लोक ते वाचतील, हसतील, या भीतीने माझी सुई हातात थांबते. तुम्ही आत्या आहात. तिला एक कडक पत्र लिहा.

तुमची,
सुनंदा

ता. क. पत्र गॅदरिंग झाल्यावर लिहिलंत तरी चालेल. ती पँट घातल्यापासून पोरगी दोन वर्षांनी पोटभर जेवते आहे. कंबर सैल आहे, हे एक कारण असेल.

दुसरा ता. क. खरं विचारायचं राहिलंच. यांच्या नावातली पहिली वेलांटी की दुसरी? मी ते कधी लिहिलंच नाही. चारुता इंग्रजी शाळेतली, म्हणते कुठलीही चालेल. रेशनकार्डावर ‘डिनानाथ’ आहे, मृत्यूचा दाखला इंग्रजीत आणि सही म्हणजे गांडूळ. कोशात दुसरी आहे, पण तो देव झाला. मला हे स्वतः कसे लिहीत, ते हवं आहे. चुकीचं नाव एकोणीस जणांच्या पाठीमागून गावात फिरलं, तर मी वर गेल्यावर यांना तोंड कसं दाखवू? भाऊबीजेला तुम्हाला यांची पत्रं यायची. मला कधी आलं नाही. तेव्हा मला वाचता कुठे येत होतं? वाचायला शिकले ती इस्पितळात, यांच्या उशाशी बसून, जुन्या वर्तमानपत्रांवरून. एखादं पत्र पाहून उलट टपाली कळवा. तोवर आधीची जागा सोडून एकोणीस खिशांवर नुसतं ‘नाथ’ दोऱ्याने भरून ठेवते. तेवढं मला येतं.